कॅरोलिना पँथर्स आणि ब्राइस यंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा संघ कुठला, आणि याची अशी अवस्था कधीपासून?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या ३२ संघांच्या लीगमधला हा संघ. घर नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या शार्लट शहरात, पहिला हंगाम १९९५चा. सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, दोनदा पोचला आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतला. फेब्रुवारी २००४ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने ३२–२९ असं हरवलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने २४–१० असं. त्या दुसऱ्या वेळी कॅम न्यूटन क्वार्टरबॅक होता आणि नियमित हंगामात संघ १५ सामने जिंकून फक्त एक हरला होता.

उतरती कळा लागली २०१८ पासून. २०१७चा ११–५ हा असा शेवटचा हंगाम, ज्यात विजय पराभवांपेक्षा जास्त होते. त्यापुढची रांग अशी: ७–९, ५–११, ५–११, ५–१२, ७–१०, २–१५, ५–१२, ८–९. आणि जुन्या चाहत्यांना टोचणारी गोष्ट वेगळीच आहे: पराभवांपेक्षा विजय जास्त, असे सलग दोन हंगाम या संघाने अख्ख्या इतिहासात एकदाही दिलेले नाहीत.

क्वार्टरबॅक एवढा महत्त्वाचा का? संघात अकरा जण असतात ना?

असतात, पण चेंडू जवळजवळ प्रत्येक चालीत आधी त्याच्या हातात येतो. एका चालीत तो काय काय करतो ते बघितलं की पुढची सगळी भांडणं समजायला सोपी जातात.

आधीची चाल संपली की घड्याळात ४० सेकंद असतात. प्रशिक्षक हेल्मेटमधल्या स्पीकरवरून पुढची चाल सांगतो. घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो आणि तिथून पोरगा एकटा. तो सहकाऱ्यांना चाल सांगतो, रेषेवर येतो, समोरच्या बचावफळीकडे बघून मधला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू) कोण ते बोटाने दाखवतो, म्हणजे पुढच्या पाच जणांना कोणी कोणाला अडवायचं ते ठरवता येतं. काही खटकलं तर तिथल्या तिथे चाल बदलतो. मग सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो स्नॅप. त्यानंतर क्वार्टरबॅक तीन, पाच किंवा सात पावलं मागे जातो, पहिला रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) मोकळा आहे का बघतो, नसेल तर दुसरा, नसेल तर तिसरा, आणि साधारण अडीच-पावणेतीन सेकंदांत चेंडू हातातून सुटायला हवा. तोवर सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर धावून येत असतात.

ब्राइस यंग कोण?

जन्म २००१चा, वाढला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात, कॉलेज अलाबामा. २०२१ मध्ये कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा मान, हाइझमन ट्रॉफी, त्याला मिळाला. अलाबामाच्या क्वार्टरबॅकला ती मिळण्याची ही पहिलीच वेळ. एप्रिल २०२३च्या ड्राफ्टमध्ये पँथर्सनी त्याला सगळ्यांत आधी उचललं. जर्सीचा क्रमांक ९. उंची ५ फूट १० इंच, आणि याच आकड्यावरून सगळा गदारोळ.

त्याच्यासाठी पँथर्सनी नेमकं काय मोजलं?

ड्राफ्टमध्ये आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंतून पहिली निवड मिळते. २०२३ची ती पहिली निवड होती शिकागो बेअर्सकडे. मार्च २०२३ मध्ये पँथर्सनी ती विकत घेतली. बदल्यात दिलं ते असं: त्याच वर्षीची ९वी आणि ६१वी निवड, २०२४ची पहिल्या फेरीतली निवड, २०२५ची दुसऱ्या फेरीतली निवड, आणि वर संघाचा सर्वांत चांगला रिसीव्हर डीजे मूर.

या यादीतली शेवटची बाब सर्वांत महागात पडली. नवख्या क्वार्टरबॅकला हवा असतो तो मोकळा सुटणारा, भरवशाचा रिसीव्हर, आणि त्याला आणण्यासाठी तोच देऊन टाकला. मूरने शिकागोत पहिल्याच वर्षी १,३६४ यार्ड काढले. इकडे यंगचा मुख्य आधार होता तिशी ओलांडलेला ॲडम थीलन. त्याने १०३ झेल घेऊन आपलं काम चोख केलं, पण बचावफळीच्या मागे पळून जाण्याचं वय उलटलं होतं.

२०२४च्या निवडीची गोष्ट त्याहून झोंबणारी. पँथर्स २–१५ हरले, लीगमध्ये शेवटचे आले, म्हणजे २०२४ची पहिली निवड त्यांची झाली असती. ती गेली शिकागोला, आणि शिकागोने त्यावर केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक घेतला. नोव्हेंबर २०२३ मध्ये हे दोन संघ समोरासमोर आले तेव्हा पँथर्स १६–१३ हरले. प्रत्येक पराभव शिकागोच्या पथ्यावर पडत होता, हा तर थेट त्यांच्याच हातून झाला.

सी. जे. स्ट्राउडला का घेतलं नाही?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो. स्ट्राउडला दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टन टेक्सन्सनी घेतलं, तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला आणि संघाला प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीत, घेऊन गेला. झाल्यावर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं, पण त्या वेळी यंगला पहिला ठेवणारे फक्त पँथर्स नव्हते. चाल वाचण्याची समज, कोंडीत सापडल्यावर निसटण्याचं कसब आणि गडबडून न जाणारा स्वभाव, या तिन्हींत तो वरचढ मानला जात होता. गंमत म्हणजे २०२३च्या हंगामात दोघांची गाठ पडली तेव्हा यंगच जिंकला, १५–१३. पँथर्सचा त्या वर्षीचा तो पहिला विजय. दुसरा आणि शेवटचा अटलांटाविरुद्ध, ९–७. एवढ्यावरच वर्ष सरलं.

स्ट्राउड शार्लटमध्ये आला असता तर तसाच खेळला असता का? आमचं मत, नाही. का ते पुढच्या दोन उत्तरांत येईल.

उंची कमी असल्याने खरंच फरक पडतो, की ती नुसती सबब आहे?

फरक पडतो, पण लोक समजतात तिथे नाही. सर्वसाधारण समज असा की बुटका क्वार्टरबॅक पुढच्या उंच माणसांच्या डोक्यावरून बघू शकत नाही. खरं तर सव्वासहा फुटी क्वार्टरबॅकही साडेसहा फुटी लाइनमनच्या डोक्यावरून बघत नसतो. सगळेच जण दोन लाइनमनच्या मधल्या फटीतून बघतात. ड्रू ब्रीस जेमतेम सहा फुटांचा, रसेल विल्सन ५ फूट ११ इंचांचा, आणि दोघांनीही सुपर बोल जिंकलेला आहे.

खरी अडचण मधल्या दबावाची. आक्रमणाच्या पुढच्या फळीत पाच जण असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. टोकाकडून कोणी आत घुसला तर क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकतो, धावून आलेला माणूस वळसा घालून मागून निघून जातो आणि पास सुटतो. पण सेंटर आणि गार्ड मागे ढकलले गेले, तर पुढे सरकायला जागाच राहत नाही. बघण्याच्या फटी बुजतात, हात पूर्ण फिरत नाही, चेंडू कोणाच्या तरी पंजावर आदळतो. उंच क्वार्टरबॅक अशा वेळी जागेवरून, नुसत्या हाताच्या जोरावर चेंडू वरून काढतो. यंगला ते जमत नाही. त्याला एक तर मागे पळावं लागतं, नाही तर बाजूला. मागे पळाला की टोकाकडून येणाऱ्याच्या आयताच तावडीत सापडतो.

म्हणून अशा क्वार्टरबॅकसाठी पैसा आधी गार्डवर घालायचा असतो. २०२३ मध्ये नेमकं तिथेच खिंडार होतं. डावा गार्ड ब्रेडी क्रिस्टेनसन पहिल्याच सामन्यात दंडाचा स्नायू फाटून हंगामाबाहेर गेला. उजवा गार्ड ऑस्टिन कॉर्बेट आधीच गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता, परतला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा जायबंदी झाला. त्या दोन जागांवर कोण उभा राहील हे आठवड्यागणिक बदलत गेलं.

लांब पासच्या ताकदीबद्दल मात्र टीका रास्त आहे. मैदान ५३ यार्डांहून थोडं रुंद असतं. एका बाजूच्या कडेवरून दुसऱ्या बाजूच्या कडेकडे सपाट, जोरदार पास ही यंगची ताकद नाही. त्याला चेंडू आधी सोडावा लागतो, रिसीव्हर वळण्याआधी. वेळ अचूक साधली तर हाताचा जोर भरून निघतो, अर्धा सेकंद उशीर झाला की इंटरसेप्शन, म्हणजे पास थेट समोरच्या संघाच्या हातात.

२०२३ मध्ये ६२ सॅक झाले. दोष कोणाचा?

सॅक म्हणजे पास सुटायच्या आधीच क्वार्टरबॅकला रेषेच्या मागे आडवं करणं. १६ सामन्यांत ६२ म्हणजे सामन्याला जवळपास चार. दोष वाटून द्यायची एक पद्धत आहे, आणि ती घरी बसून कोणालाही जमते.

स्नॅप झाल्या क्षणापासून मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजा. ‘एक हजार दोन’ पुरं होण्याआधीच कोणी पोचला आणि त्याला एका लाइनमनने अडवायचा प्रयत्न केलेला दिसला, तर चूक लाइनमनची. तो कोणाचाही हात न लागता सरळ आत आला, तर चूक बहुधा चालीपूर्वी केलेल्या वाटपाची. म्हणजे क्वार्टरबॅक, सेंटर किंवा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) यांच्यापैकी कोणाची तरी. ‘एक हजार तीन’ उलटल्यावर सॅक झाला तर रिप्ले बघा. मैदानाच्या खोल भागात कोणीच मोकळा नसेल तर रिसीव्हर आणि चाल आखणारा प्रशिक्षक जबाबदार. एखादा मोकळा होता आणि तरी चेंडू हातातच राहिला, तर दोष क्वार्टरबॅकचा.

या फूटपट्टीने २०२३चे सॅक बघितले तर कोणालाच मोकळं सोडता येत नाही. लाइन ढासळली हे उघड आहे. रिसीव्हर सुटत नव्हते हेही खरं. पण ऑक्टोबरनंतर यंग स्वतःही बिचकायला लागला. दबाव नसतानाही पाय उचलू लागला, पहिला रिसीव्हर बंद दिसला की दुसऱ्याकडे न बघता पळू लागला. मार खाल्लेल्या क्वार्टरबॅकचं हे ठरलेलं लक्षण आहे. डेव्हिड कारला २००२ मध्ये ह्यूस्टनसाठी नवखा असताना ७६ सॅक सोसावे लागले, आणि त्याची कारकीर्द त्यातून कधीच नीट उभी राहिली नाही. २००७ मध्ये तो पँथर्सकडेच राखीव म्हणून आला होता, म्हणजे हे प्रकरण कसं संपतं ते या संघाने जवळून पाहिलेलं होतं.

त्यात प्रशिक्षकांचा गोंधळ. चाली सांगायचं काम मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइकने ऑक्टोबरअखेर थॉमस ब्राउनकडे दिलं, नोव्हेंबरमध्ये परत स्वतःकडे घेतलं, आणि १–१० अशा अवस्थेत २७ नोव्हेंबरला त्याचीच हकालपट्टी झाल्यावर ते पुन्हा ब्राउनकडे आलं. बावीस वर्षांच्या पोराच्या हेल्मेटमधला आवाज एका हंगामात तीनदा बदलला.

यंगचं पासर रेटिंग ७३.७ होतं म्हणतात. ते काढतात कसं?

पासर रेटिंग म्हणजे क्वार्टरबॅकच्या पासांचा एका आकड्यात केलेला हिशेब. त्याचे चार भाग असतात. २०२३चे यंगचे आकडे घेऊ: ५२७ पास, ३१५ पूर्ण, २,८७७ यार्ड, ११ टचडाउन (चेंडू समोरच्या शेवटच्या रेषेपार नेणं), १० इंटरसेप्शन.

पूर्ण पासांचं प्रमाण ०.५९८. त्यातून ०.३ वजा करून ५ने गुणा: १.४९. दर पासामागे ५.४६ यार्ड. त्यातून ३ वजा करून ०.२५ने गुणा: ०.६१. टचडाउन भागिले पास, गुणिले २०: ०.४२. इंटरसेप्शन भागिले पास, गुणिले २५, आणि तो आकडा २.३७५ मधून वजा: १.९०. चारही मिळवून ६ने भागा, १००ने गुणा. आलं ७३.७. कुठलाही भाग शून्याखाली किंवा २.३७५च्या वर धरत नाहीत, म्हणून कमाल रेटिंग १५८.३.

इथे दुसरा भाग बघा, ०.६१. खरं दुखणं तिथे आहे. इंटरसेप्शनचा भाग ठीकठाक आहे, म्हणजे पोरगा बेफिकीर नव्हता. दर पासामागे यार्डच निघत नव्हते. आणि सॅक या हिशेबात कुठेच येत नाहीत, त्यामुळे ६२ वेळा आडवा झालेला क्वार्टरबॅक या आकड्यात आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. वादात रेटिंग फेकणाऱ्याला आधी हे विचारावं.

२०२४ मध्ये दोनच सामन्यांनंतर बाकावर बसवलं. बरोबर होतं का?

त्या घडीला सगळ्यांना शेवट झाला असंच वाटलं. नवा मुख्य प्रशिक्षक डेव्ह कॅनालिस, ज्याने आधी सिएटलमध्ये जीनो स्मिथबरोबर आणि टँपा बेमध्ये बेकर मेफिल्डबरोबर काम केलं होतं, तो यंगलाही सावरेल म्हणून आणलेला. गार्डवर पैसा ओतला: रॉबर्ट हंटला पाच वर्षांचे १० कोटी डॉलर, डेमियन लुइसला चार वर्षांचे सव्वापाच कोटींच्या आसपास. आणि निकाल? न्यू ऑर्लिन्सकडून ४७–१०, चार्जर्सकडून २६–३. दोन सामने मिळून यंगचे २४५ यार्ड, एकही टचडाउन पास नाही, तीन इंटरसेप्शन. जागा गेली अनुभवी अँडी डाल्टनकडे, आणि त्याने पुढच्याच रविवारी रेडर्सना ३६–२२ हरवलं. म्हणजे लाइन आता ठीक होती. मग अडचण कुठे होती ते कोणी सांगायची गरज उरली नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस डाल्टनला गाडीच्या अपघातात अंगठ्याला इजा झाली आणि यंग परत आला. फरक पायांत दिसला. स्नॅपनंतरची पावलं ठरलेली, तिसऱ्या किंवा पाचव्या पावलाला चेंडू सुटणारा, आणि सुटत नसेल तर पळताना नजर खाली नाही, मैदानावर. म्यूनिकमध्ये जायंट्सवर जादा वेळेत २०–१७, ॲरिझोनावर जादा वेळेत ३६–३०, आणि शेवटच्या सामन्यात अटलांटावर जादा वेळेत ४४–३८, ज्यात त्याने तीन टचडाउन फेकून आणि दोन पळून काढले. कॅन्सस सिटीकडून हरले तेही ३०–२७. सॅक आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आले.

बाकावर बसवणं बरोबर होतं का याला आमचं उत्तर: निर्णय बरोबर, पण त्यानंतर जे चांगलं झालं ते योजनेने नव्हे. तो अपघात झाला नसता तर यंग कदाचित दुसऱ्या शहरात दिसला असता. टेडी ब्रिजवॉटर, सॅम डार्नल्ड, बेकर मेफिल्ड असे तीन वर्षांत तीन क्वार्टरबॅक इथून गेलेच होते. त्यातल्या डार्नल्डने २०२४ मध्ये मिनेसोटाला १४ विजय मिळवून दिले आणि मेफिल्डने टँपा बेला सलग दोनदा प्लेऑफमध्ये नेलं. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार होतं?

एवढं होऊनही २०२४ला ५–१२च का?

बचावामुळे. पँथर्सनी त्या हंगामात ५३४ गुण दिले. एनएफएलच्या इतिहासात एका हंगामात इतके गुण कोणीच दिलेले नव्हते. आधीचा उच्चांक १९८१च्या बाल्टिमोर कोल्ट्सचा, ५३३. त्यांना तेव्हा १६च सामने होते हे मान्य, पण बाल्टिमोरबरोबर तुलना होतेय यातच काय ते आलं.

२०२५ मध्ये गट जिंकला. म्हणजे संकट टळलं?

अर्धवट. गट म्हणजे लीगमधला चार संघांचा विभाग, आणि तो जिंकणारा प्लेऑफमध्ये जातो. संघ ८–९वर थांबला, टँपा बे आणि अटलांटाही तितक्यावरच, आणि तिघांतल्या बरोबरीच्या नियमांवर गट पँथर्सना मिळाला. तोही शेवटच्या सामन्यात टँपा बेकडून १६–१४ हरल्यावर, दुसऱ्या दिवशी अटलांटाने न्यू ऑर्लिन्सला हरवलं म्हणून. (२०१४ मध्ये याच संघाने ७–८–१वर गट जिंकला होता. उणे खात्यावर पुढे जायची सवय जुनी आहे.) प्लेऑफमध्ये घरच्या मैदानावर लॉस एंजेलिस रॅम्सनी शेवटच्या मिनिटात टचडाउन काढून ३४–३१ असं घालवलं.

यंगचा हंगाम या संघाइतकाच चढउताराचा. नोव्हेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्ध संघ फक्त सात गुण काढून हरतो, आणि लगेच पुढच्या रविवारी अटलांटाविरुद्ध तोच यंग ४४८ यार्ड फेकतो. संघाच्या इतिहासात एका सामन्यातले हे सर्वाधिक. कॅम न्यूटनचा ४३२चा जुना विक्रम मोडला. त्या सामन्यात काय वेगळं होतं? नवा रिसीव्हर टेटैरोआ मॅकमिलन. ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर घेतलेला हा उंच गडी अंगाशी बचावपटू असतानाही चेंडू वरच्या वर काढतो, म्हणजे यंगला तो पूर्ण मोकळा होईपर्यंत थांबावं लागत नाही. डीजे मूर गेला तेव्हा गेलेली वस्तू दोन वर्षांनी परत आली. त्यात रिको डाउडलच्या धावांची जोड. मायामीविरुद्ध त्याने २०६ यार्ड काढले. धाव चालली की बचावफळी पुढे सरकते आणि तिच्या मागे जागा सुटते.

खराब रविवारांचं कारणही शोधायला फार लांब जावं लागत नाही. हंट आणि कॉर्बेट दोघेही दुसऱ्याच आठवड्यात जखमी झाले. पुन्हा मधली फळी.

यंगच्या कराराचं काय?

पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो. यंगचा साधारण ३ कोटी ८० लाख डॉलरचा. पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे असतो आणि तो वापरायचा की नाही ते तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत ठरवावं लागतं. वापरला की त्या वर्षाचे पूर्ण पैसे बांधले जातात. रक्कम किती ते खेळाडू किती चाली मैदानावर होता आणि प्रो बोलमध्ये (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात) निवडला गेला का, यावर ठरतं.

चाहत्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की क्वार्टरबॅक स्वस्तात मिळतो तो या पहिल्या चार-पाच वर्षांतच. तेवढ्यात लाइन, रिसीव्हर आणि बचाव उभा करायचा असतो. पँथर्सनी त्यातलं पहिलं वर्ष पूर्ण वाया घालवलं.

मालकावर लोक एवढे का चिडलेले असतात?

डेव्हिड टेपर यांनी २०१८ मध्ये संघ विकत घेतला. वर दिलेली पराभवांची रांग तिथूनच सुरू होते. प्रशिक्षक हंगामाच्या मध्यातच काढायची त्यांची खोड आहे: रॉन रिव्हेरा, मॅट रूल, फ्रँक राइक, तिघेही तसेच गेले. डिसेंबर २०२३ मध्ये जॅक्सनव्हिलमध्ये त्यांनी आपल्या कक्षातून प्रेक्षकांवर पेय फेकलं आणि लीगने ३ लाख डॉलर दंड ठोठावला. कॅनालिसला दोन हंगाम टिकवून धरलं, हे त्यांच्या मानाने खूपच झालं.

सामन्याआधी ढोल का वाजवतात?

‘कीप पाउंडिंग’ हे संघाचं ब्रीद सॅम मिल्सचं. पँथर्सचा हा माजी लाइनबॅकर नंतर संघातच प्रशिक्षक होता. कर्करोगावर उपचार चालू असताना, जानेवारी २००४च्या प्लेऑफ सामन्याआधी त्याने खेळाडूंना ते शब्द ऐकवले. २००५ मध्ये तो गेला. घरच्या सामन्याआधी मानाच्या पाहुण्याच्या हस्ते त्या ढोलावर टिपरू पडतं. स्टेडियमबाहेर मिल्सचा पुतळा आहे. आणि हो, मिल्सची उंची ५ फूट ९ इंच होती. ‘बुटका इथे चालणार नाही’ म्हणणाऱ्यांना शार्लटमधले जुने लोक त्या पुतळ्याकडे बोट दाखवतात.

भारतातून बघायचं तर किती वाजता?

रविवारी दुपारी १चा सामना भारतात रात्री १०:३०ला सुरू होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, तिथून ११:३०. दुपारी ४:२५चा सामना मध्यरात्रीनंतर १:५५ला, नोव्हेंबरनंतर २:५५ला. रात्री ८:२०चा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे ५:५०, नंतर ६:५०. पूर्ण सामना तीन तासांच्या वर चालतो. अमेरिकेबाहेर लीगचा गेम पास डॅझनवर मिळतो. रात्र काढणं शक्य नसेल तर दुसऱ्या दिवशी जाहिराती गाळलेली आवृत्ती बघा, पाऊण तासात होते, आणि रिप्ले थांबवून सॅक मोजायला तीच सोयीची.

टीव्हीवर बघताना यंगचं काय बघावं?

चेंडू बघू नका. स्नॅपनंतर पहिले दोन सेकंद सेंटर आणि दोन गार्ड बघा. ते जागेवर असतील तर नजर यंगच्या पायांवर न्या. शेवटच्या पावलावर तो किंचित पुढे उसळी घेऊन थांबला, म्हणजे त्याला कुठे फेकायचं ते ठाऊक आहे. पाय नाचायला लागले, म्हणजे पहिला पर्याय बंद झालेला आहे. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) सात यार्डांहून जास्त हवे असतील तेव्हा हे हमखास दिसतं. आणि तो उजवीकडे पळत पास देतो ते चांगलं लक्षण, डावीकडे पळाला की श्वास रोखून धरा. उजव्या हाताने फेकणाऱ्याला डावीकडे धावताना खांदा वळवायला वेळ लागतो.

शार्लटला असताना सामना बघायचा आहे. काय ध्यानात ठेवू?

शार्लट बँकांचं शहर आहे, पुण्या-मुंबईहून आयटी आणि बँकिंगच्या कामासाठी गेलेली बरीच मंडळी तिथे भेटतात, त्यामुळे सोबत मिळायला अडचण नाही. बँक ऑफ अमेरिका स्टेडियम भर शहरात आहे, आसनं ७५ हजारांच्या घरात. गाडीने जाऊन पार्किंगचे पैसे भरण्यापेक्षा लिंक्स ब्लू लाइन ट्रेनने जा आणि थोडं चाला. पिशवी पारदर्शकच हवी, १२ × ६ × १२ इंचांपेक्षा मोठी नाही. खांद्याची साधी बॅग किंवा लॅपटॉपची सॅक दारावरूनच परत पाठवतात. पारदर्शक नसलेलं छोटं पाकीट चालतं, साडेचार बाय साडेसहा इंचांपर्यंत. तिकीट फोनवर, आधीच उघडून ठेवा. दाराशी गर्दीत नेटवर्क रडतं. घाई नसेल तर तिकीट शनिवारी घ्या. संघ हरत असला की रविवार जवळ येईल तसे दर उतरतात. फक्त समोरचा संघ डॅलस किंवा पिट्सबर्ग असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण त्यांचे चाहते अर्धं स्टेडियम भरून टाकतात.

९ क्रमांकाची जर्सी आता घ्यावी का?

घ्या, पण साधी ‘गेम’ आवृत्ती घ्या, महागडी ‘लिमिटेड’ नको. क्वार्टरबॅकच्या बाबतीत या शहराचा अनुभव पाहता तेवढाच खर्च शहाणपणाचा. आणि सप्टेंबरच्या सामन्याला काळी घालून जाऊ नका. दुपारी एकच्या उन्हात वरच्या आसनांवर सावली नसते.